झाडावरून पडलेला जुना दमेकरी: दम माराचा की दम्याचा, एक्स-रे नसताना कसं ओळखायचं?

खाडीकाठ_एमओ (प्राथमिक आरोग्य केंद्र, रत्नागिरी जिल्हा)

हापूसची काढणी सुरू झाली की एप्रिल-मेमध्ये कलमांवरून पडलेले रुग्ण केंद्रात येऊ लागतात. त्यातला एक प्रकार सर्वांत अवघड वाटतो, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

वय पंचावन्न-साठ, पंचवीस-तीस वर्षांची विडी किंवा चिरेखाणीतल्या धुरळ्यात गेलेलं आयुष्य, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसांचा जुना आजार) आधीपासून. हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन बारा-पंधरा फुटांवर असताना फांदी मोडते आणि माणूस कुशीवर आपटतो. केंद्रात येतो तेव्हा एका बाजूच्या बरगड्या धरून बसलेला असतो. श्वास तोकडा, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८९ टक्के, दोन्ही बाजूंना सुईंसुईं आवाज. हा त्याचा रोजचा दम आहे, मारामुळे चढलेला दम आहे, की छातीत हवा किंवा रक्त साचतंय?

केंद्रात ऑक्सिमीटर, नेब्युलायझर, बी टाइप सिलिंडर, १४ आणि १६ नंबरचे कॅन्युला (वर प्लास्टिकची नळी असलेली सुई) आणि वेदनाशामक इंजेक्शनं आहेत. एक्स-रे ग्रामीण रुग्णालयात, तंत्रज्ञ असेल त्या दिवशी. सोनोग्राफी नाही. जिल्हा रुग्णालय दीड तासावर.

नुसत्या हाताने आणि कानाने कुठवर ठरवता येतं? ऑक्सिजन किती द्यायचा? आणि घरी कोणाला सोडलं तर चालेल?

---

शल्यक_चिपळूण

डॉक्टर, दम कशाचा याचा विचार थोडा पुढे ढकला. आधी माणूस किती उंचीवरून आणि कशावर पडला ते बघा. बारा फूट म्हणजे मान आणि पाठीचा कणा मोडलाच आहे असं धरून हाताळायची उंची. पायांवर पडला असेल तर टाचेचं हाड आणि कमरेचा वरचा मणका एकाच वेळी जाऊ शकतात. रुग्ण फक्त टाच दाखवतो, पाठीचं बोलतच नाही.

आता छाती. सदरा पूर्ण काढा, पाठीमागूनही बघा. पायथ्याशी उभं राहून दोन्ही बाजू सारख्या हलतात का ते पाहा. एखादा तुकडा श्वास घेताना आत आणि सोडताना बाहेर जात असेल, तर लागोपाठच्या तीन किंवा जास्त बरगड्या दोन-दोन ठिकाणी मोडल्या आहेत. तो रुग्ण केंद्रात ठेवायचा नाही. मग तळहात सपाट ठेवून गळ्याच्या हाडापासून खालपर्यंत हलके दाबत या. कातडीखाली मुरमुऱ्याची पिशवी दाबल्यासारखी चुरचुर लागली तर हवा फुप्फुसातून बाहेर पडली आहे, हे एक्स-रेशिवाय सिद्ध झालं. ही चुरचुर काखेच्या मागे लपते, समोरून शोधून सापडत नाही.

सीओपीडीवाल्याची छाती दोन्ही बाजूंना ढोलासारखीच वाजते. त्यामुळे 'वाजते का' याला अर्थ नाही, 'दोन बाजूंत फरक आहे का' याला आहे. लागलेल्या बाजूला जास्त पोकळ आवाज आणि श्वास कमी, तर हवा. त्याच बाजूला पाठीत खाली बद्द आवाज आणि श्वास कमी, तर रक्त. हे बसवून तपासलं तरच कळतं. निजलेल्या रुग्णात रक्त पाठीमागे पसरतं आणि समोरून सगळं ठीक वाटतं.

सुईंसुईंबद्दल एकच नियम. दमा दोन्ही बाजूंना सारखा असतो. पडल्यानंतर एका बाजूचा आवाज मंद झाला असेल, तर नेब्युलायझर लावून वाट बघत बसू नका.

आणि नवव्या बरगडीपासून खाली दुखत असेल तर ती छातीची नव्हे, पोटाची जखम समजा. डावीकडे प्लीहा, उजवीकडे यकृत. डाव्या खांद्याच्या टोकाला दुखतं म्हणाला आणि खांद्याला काहीच लागलेलं नसेल, तर पोटात रक्त आहे असं धरून पाठवा. सुरुवातीला नाडी ९० आणि बीपी ठीक असलं तरी पाठवा. उन्हातान्हात राबणारी काटक माणसं बरंच रक्त जाईपर्यंत बीपी धरून ठेवतात, आणि मग एकदम सोडतात.

---

फुप्फुस_विभाग

वरच्या उत्तराला जोड. एक प्रश्न नातेवाइकांना आवर्जून विचारा: पडला म्हणून दम लागला, की दम लागून पडला? आदल्या दोन-तीन दिवसांत खोकला वाढला होता का, कफ पिवळा-हिरवा झाला होता का, झाडावर चढण्याआधी धाप लागत होती का? उत्तर 'हो' असेल तर दोन आजार एकत्र आहेत आणि दोन्हींचे उपचार लागतील. चक्कर येऊन पडला असेल तर साखर आणि ईसीजी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऑक्सिजन. नाडी धावतेय, हातपाय गार, गुंगी आहे, तर सीओपीडी विसरा. रिझर्व्हॉयर मास्क, मिनिटाला १५ लिटर, पिशवी फुगलेली दिसली पाहिजे. सीओपीडीच्या भीतीने शॉकमधल्या रुग्णाला दोन लिटरवर ठेवणं ही घातक चूक आहे. रुग्ण स्थिर झाला की मात्र ८८ ते ९२ हेच लक्ष्य. नाकातल्या नळीने १ ते २ लिटर, किंवा व्हेंच्युरी मास्क (ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा) असेल तर पांढरा जोड, २८ टक्के, ४ लिटर. ९८ बघून समाधान मानू नका. अशा रुग्णात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि ऑक्सिमीटर तो दाखवत नाही. तुम्हाला दिसतं ते असं: मघाशी तक्रार करणारा माणूस शांत होतो, झोपाळू होतो, हात गरम लागतात, पंजे पसरून धरायला सांगितलं की फडफडतात. 'आता आराम पडला' असं नातेवाईक म्हणतात, ती वेळ धोक्याची असते.

नेब्युलायझर कॉम्प्रेसरवर चालवा आणि त्याच वेळी नाकात २ लिटर चालू ठेवा. साल्ब्युटामॉल २.५ मिलिग्रॅम, इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम. कॉम्प्रेसर नसेल आणि ऑक्सिजनवरच चालवायचं असेल तर ६ मिनिटांत थांबवा. साध्या सीओपीडीच्या उसळीला प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम, ५ दिवस. मार लागलाय म्हणून ते टाळू नका, पण पोटात रक्तस्राव नाही याची खात्री आधी.

ऑक्सिमीटरचा आकडा मान्य करण्याआधी त्याची नाडी आणि तुमच्या बोटांनी मोजलेली नाडी जुळते का बघा. काजूच्या टरफलांच्या कामाने काळवंडलेली बोटं, मेंदी, गार पडलेला हात, यांत आकडा फसवतो. दुसरं बोट किंवा कानाची पाळी वापरा. श्वास मात्र घड्याळ धरून पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंदांचा चौपट केलेला आकडा सीओपीडीत हमखास चुकतो.

छातीच्या मुक्या मारात फुप्फुस ठेचलं जाऊ शकतं. ते पहिल्या काही तासांत फसवं असतं. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो आणि २४ ते ७२ तासांत ऑक्सिजन खाली येतो. थुंकीत रक्ताची रेघ काही दिवस दिसली तर समजू शकतो. आठवड्यानंतरही येत राहिली, किंवा दोन आठवड्यांहून जुना खोकला, घटलेलं वजन, संध्याकाळचा ताप अशी माहिती मिळाली, तर थुंकी ट्रूनॅटला (टीबीच्या तपासणीला) पाठवा. तेव्हा ते सगळं पडण्याच्या खात्यावर टाकू नका. घरातल्या बाईच्या बाबतीतही हे लक्षात असू द्या: विडी कधी ओढलेली नाही म्हणून सीओपीडी नाही, असं नसतं. झावळ्या-लाकडांच्या चुलीपुढची तीस वर्षं पुरतात.

---

खाडीकाठ_एमओ

मनापासून आभार. बसवून तपासणं आणि मान सुरक्षित ठेवणं, दोन्ही एकदम कसं करायचं? आणि छातीतली हवा काढायला सुई कधी घालायची? पुस्तकात बरगड्यांमधली दुसरी फट, गळ्याच्या हाडाच्या मध्यरेषेत. आता पाचवी म्हणतात. एकट्या डॉक्टरने काय करावं?

---

शल्यक_चिपळूण

शुद्धीत असलेला, दारू न प्यायलेला, मानेच्या मध्यावर दाबून दुखत नाही, हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी नाही, आणि दुसरीकडे लक्ष वेधून घेणारी मोठी जखम नाही, तरच बसवा. बरगड्या कळवळून दुखत असतील तर तीच लक्ष वेधणारी जखम असते, हे ध्यानात घ्या. शंका असली तर कॉलर लावून निजवूनच ठेवा, चार जणांनी एकत्र कुशीवर वळवून पाठ तपासा. दम फार असेल तर फळीसकट डोक्याची बाजू वीस-तीस अंश वर करा. कणा सरळ राहतो आणि श्वासही सुटतो.

सुईबद्दल. नुसती शंका आहे आणि रुग्ण स्थिर आहे, तर सुई घालू नका. सीओपीडीत फुप्फुसावर हवेचे फुगे असतात. सुई फुग्यात गेली तर नसलेला न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साचलेली हवा) तुम्ही तयार करता. सुई घालायची ती छातीत दाब चढून रुग्ण बुडतोय तेव्हा: एका बाजूचा श्वास गायब, श्वासाचा वेग चढता, ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन उतरतंय, आणि नाडी वाढत जाऊन बीपी घसरतंय. श्वासनलिका सरकण्याची वाट बघू नका, ती फार उशिरा सरकते. मानेच्या शिरा फुगायलाच हव्यात असंही नाही. रक्त गेलेलं असेल तर त्या सपाटच राहतात.

प्रौढात चौथी किंवा पाचवी फट, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे. पुरुषात स्तनाग्राची पातळी ढोबळ खूण म्हणून चालते, त्याखाली जाऊ नका. लहान मुलांत दुसरी फटच. केशरी १४ नंबर घ्या, मागचं झाकण काढा, १० मिलीच्या सिरिंजमध्ये ५ मिली सलाइन घेऊन जोडा. खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून काटकोनात आत, कारण रक्तवाहिनी आणि नस वरच्या बरगडीच्या खालच्या कडेला असतात. सिरिंज ओढत जा. बुडबुडे आले की प्लास्टिक आत सरकवा, सुई काढा.

चूक कुठे होते? कॅन्युला जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटरचा. अंगाने भरलेल्या माणसात तो पोचतच नाही आणि 'हवा निघाली नाही, म्हणजे न्यूमोथोरॅक्स नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसरं, प्लास्टिक दहा-पंधरा मिनिटांत वाकतं आणि बंद होतं. म्हणून सुई हा इलाज नाही, छातीत नळी घालेपर्यंतची उसनी वेळ आहे. फरक पडून पुन्हा घसरला तर शेजारी दुसरी घाला. नळी घालायचा हात बसलेला असेल तर त्याच जागी तीन सेंटिमीटर छेद घेऊन, फोर्सेप्सने पडदा उघडून, बोट आत फिरवून खात्री करणं सुईपेक्षा भरवशाचं.

---

भूल_आणि_वेदना

सगळी चर्चा हवेवर आणि रक्तावर चालली आहे. पण जुना दमेकरी बरगडीच्या फ्रॅक्चरने जातो तो सहसा पहिल्या तासात नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी, न्यूमोनियाने. दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ खाली साचतो, फुप्फुसाचा तळ मिटतो. तेव्हा वेदना मारणं हाच इथे फुप्फुसाचा उपचार आहे.

पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, घड्याळ लावून, 'दुखलं तर घ्या' असं नव्हे. वजन ५० किलोखाली असेल तर किलोला १५ मिलिग्रॅम, रोज दारू पिणाऱ्याला दिवसाला २ ग्रॅमवर थांबा. डायक्लोफेनॅक पहिल्या दिवशी जपून. पोटात रक्ताची शंका, मेच्या उन्हात सुकलेलं शरीर, साठीच्या पुढचं मूत्रपिंड, यांपैकी काहीही असेल तर नको. ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम चालतं, पण सोबत उलटीचं औषध द्या, कारण मोडलेल्या बरगडीवर उलटी म्हणजे छळ. त्याने बद्धकोष्ठ होतो, म्हणून रेचकही लिहा. ट्रॅमाडॉल दिल्यावर रुग्ण गुंगला तर वर सांगितलेला कार्बन डायऑक्साइड आठवा.

ग्रामीण रुग्णालयात मॉनिटर आणि शिरेत सलाइन असेल तर बरगड्यांमधल्या नसांचा ब्लॉक (तेवढ्याच जागेची भूल) फार उपयोगी. बरगडीच्या कोनाजवळ, कण्यापासून ६ ते ८ सेंटिमीटरवर, ०.२५ टक्के ब्युपिव्हाकेन प्रत्येक बरगडीला ३ ते ५ मिली, मोडलेल्यांच्या वर-खाली एकेक जास्त. एकूण मात्रा किलोला २ मिलिग्रॅमच्या आत ठेवा. या जागेतून औषध रक्तात फार लवकर शिरतं. आणि ब्लॉकनंतर छाती पुन्हा तपासा, सुईने न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो.

वेदना पुरेशी मारली की नाही हे 'दुखतंय का' विचारून कळत नाही. आपली माणसं 'नाय, बरं आसा' म्हणून मोकळी होतात. त्याला खोकायला सांगा. उशी घट्ट धरून दणकून खोकता आलं तर ठीक. दुसरं, पूर्ण श्वास भरून एका दमात, सेकंदाला दोन या गतीने आकडे मोजायला लावा. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. सीओपीडीवाला कमीच जाणार, म्हणून पहिल्या दिवशीचा आकडा केसपेपरवर लिहून ठेवा. काल २४ होता आणि आज १४, तर सॅच्युरेशन काही म्हणो, रुग्ण थकतोय.

---

१०८_वरून

वाहतुकीचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

बागेतून रस्त्यापर्यंत चादरीची झोळी करून आणतात, त्यात कणा धनुष्यासारखा वाकतो. दाराची फळी, शटर, रुंद बाकडं, काहीही सपाट चालेल. छाती सोडून खांदे, कंबर आणि मांड्यांना बांधा. पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरताना पाय पुढे, डोकं वरच्या पायरीकडे.

सिलिंडर निघण्याआधी मोजा. बी टाइपची बाटली पाण्याच्या मापाने १० लिटरची. काट्यावरचा दाब गुणिले १० म्हणजे उरलेला ऑक्सिजन. काटा १०० वर असेल तर साधारण १००० लिटर. १० लिटरने चालवला तर १०० मिनिटं, २ लिटरने ५०० मिनिटं. दीड तासाच्या रस्त्याला तीन तासांचा हिशेब धरा. आंब्याच्या ट्रकांमागे गाडी अडकते, फाटक लागतं, दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं जातं.

छातीत नळी असेल तर बाटली कायम छातीच्या खाली, नळीचं टोक पाण्यात २ सेंटिमीटर, आणि नळीला चिमटा लावायचा नाही. स्ट्रेचर चढवताना 'पाणी वर जाईल' म्हणून चिमटा लावतात आणि काढायला विसरतात. त्यातूनच दाब चढतो. बाटली उचलावी लागली तर क्षणभर हाताने दाबा, ठेवली की सोडा. श्वासाबरोबर पाणी वर-खाली होत राहिलं पाहिजे. थांबलं तर नळी मुडपली आहे का, रुग्णाच्या अंगाखाली दबली आहे का बघा. निघाल्याची वेळ आणि बाटलीतली पातळी चिकटपट्टीवर लिहा. नळी घालताच १५०० मिली, किंवा नंतर दोन-चार तास दर तासाला २०० मिली रक्त आलं, तर पोचण्याआधी फोन करून शस्त्रक्रियेची तयारी ठेवायला सांगा.

घाटाचा मुद्दा. सावंतवाडीहून आंबोली चढली की उंची सुमारे ७०० मीटर. हवेचा दाब तेवढा कमी होतो आणि छातीत अडकलेली हवा साधारण ८ टक्के फुगते. धडधाकट माणसाला ते कळणार नाही, राखीव श्वास नसलेल्याला कळतं. म्हणून न्यूमोथोरॅक्स नक्की असेल तर नळी घालूनच घाट चढवा. सिंधुदुर्गातून बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजला) खालच्याच रस्त्याने जाता येतं, हाही विचार व्हावा.

---

मालवण_ओपीडी

किनाऱ्यावरची भर. ट्रॉलरच्या विंचमध्ये किंवा दोन होड्यांमध्ये छाती चेंगरते तेव्हा बाहेरून फारसं दिसत नाही, आत फुप्फुस ठेचलेलं असतं. होडीवरून फोन आला तर कण्याची शंका नसल्यास अर्धवट बसवा, छातीला दोर किंवा पंचा आवळू देऊ नका, तोंडाने काही देऊ नका. हवा खेचणारी उघडी जखम असेल तर स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा तीन बाजूंनी चिकटवा, चौथी मोकळी. चारही चिकटवल्या तर हवा आतच कोंडते. किनारा लांब असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

दुसरं, जून उजाडला की हा प्रश्न वेगळा होतो. लावणीच्या दिवसांत बांधावरून घसरलेला, अंग मोडून आलेला, पोटऱ्या धरणारा रुग्ण मुका मार म्हणून वेदनाशामकावर घरी जातो आणि असतो लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). ताप, लाल डोळे, कमी लघवी आणि श्वास २४ च्या वर, एवढं पुरे. फुप्फुसातला रक्तस्राव कावीळ नसतानाही होतो आणि थुंकीत रक्त दिसायच्या आधी श्वास वाढतो. तपासणीचा निकाल पहिल्या दिवसांत निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून त्यासाठी थांबू नका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिवसाला २ ग्रॅम सुरू करा आणि पाठवा. आणि अशा तापाच्या रुग्णाला डायक्लोफेनॅक देऊ नका, मूत्रपिंड आधीच अडचणीत असतं.

---

खाडीकाठ_एमओ

घरी सोडण्याचा प्रश्न राहिला. शिवाय बरेच जण आमच्याकडून थेट हाडवैद्याकडे जातात आणि छातीला करकचून पट्टा बांधून घेतात.

---

भूल_आणि_वेदना

पट्ट्याने दुखणं खरंच कमी होतं, म्हणून नुसतं 'नको' म्हटलं तर ऐकत नाहीत. कारण सांगा: छाती हलली नाही तर खालचा भाग मिटतो आणि तिथे कफ कुजतो. हळदीचा लेप लावायचा तर लावू दे, बिब्बा मात्र नको, कातडी भाजते आणि त्या फोडांवर उशीही धरवत नाही.

घरी सोडायला माझ्या मते हे सगळं एकदम हवं: एक-दोनच बरगड्या, वय ६५ च्या आत, साध्या हवेवर सॅच्युरेशन त्याच्या नेहमीच्या आकड्याइतकं, श्वास मिनिटाला २४ च्या आत, जोरात खोकता येतंय, रक्त पातळ करणारं औषध नाही, आणि सहा तासांनी पुन्हा तपासल्यावर दोन्ही बाजू सारख्या. प्रश्नात लिहिलेला रुग्ण यात बसत नाही. त्याचा रोजचा आकडा ८९ च असला तरी सीओपीडी आणि मोडलेली बरगडी एकत्र म्हणजे निदान दोन दिवस देखरेख.

ज्याला सोडाल त्याच्याकडे आशाताईंना दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी पाठवा. ६० सेकंद श्वास मोजायचा, ताप बघायचा, एका दमात किती आकडे होतात ते लिहायचं. जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास, उशी धरून दोन खोकले. झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसून. पंप सुरूच ठेवायचा, बरगडी दुखते म्हणून तो बंद करतात.

---

शल्यक_चिपळूण

त्यात एवढं घाला: डाव्या खालच्या बरगड्या दुखत होत्या आणि पाठवला नाही, तर पोटात नव्याने दुखणं, घेरी किंवा खांद्यात कळ आली की रात्री-अपरात्रीही यायला सांगा. प्लीहा काही दिवसांनीही फुटते. आणि झाडावर किमान सहा आठवडे चढायचं नाही. हंगाम तेवढ्यात संपतो, त्यामुळे हे सांगताना मुकादमालाही बोलावून घ्या. खाली बसून आंबा निवडण्याचं, पेट्या भरण्याचं काम त्याला देता येतं. पेट्या उचलण्याचं नाही.